वाक्वाची हेमलता

हेमलता सखाराम बेंगळुरूला आली तेव्हा पहिला घोळ तिच्या आडनावानेच घातला. कंपनीत तिच्या शेजारी बसणारी अमृता पुण्याची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सखाराम हे वडिलांचं नाव झालं. आडनाव काय?"

हेमलताने शांतपणे सांगितलं, सखाराम हे तिच्या खापरपणजोबांचं नाव. ते रत्नागिरीकडून जहाजात बसून ऊस तोडायला मॉरिशसला गेले. बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाने नाव विचारलं, यांनी सखाराम म्हणून सांगितलं, त्याने तेवढंच लिहिलं. तेव्हापासून घरात जन्मलेलं प्रत्येक मूल सखारामच.

"मूळ कुळाचे नाव आम्हांस ज्ञात नाही," ती म्हणाली.

अमृता क्षणभर गंभीर झाली आणि मग तिला हसू आवरेना. "सॉरी गं, पण तू बातम्या वाचल्यासारखं का बोलतेस?"

त्याला कारण होतं. वाक्वा नावाच्या गावात, हेमलताच्या घरी सगळे क्रिओल बोलत. मराठी ती शाळेत शिकली होती, पुस्तकातून, आणि गणपतीच्या दिवसांत आरत्यांमधून. चहा सांडला तर कोणते शब्द तोंडातून निघतात, हे तिला पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

महादेवपुऱ्यातल्या त्या कंपनीत ती फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. फ्रेंच तिला आईच्या भाषेइतकीच सोपी. काम जमलं. जमेना ते बाहेरचं. के. आर. पुरमच्या पीजीमध्ये एक खोली, त्यात दुसरी मुलगी रात्रपाळीची, म्हणजे भेट फक्त दारात. गोरा माणूस रस्ता चुकला तर लोक मदतीला धावतात, हे तिने पाहिलं होतं. ती मात्र इथल्यासारखीच दिसायची. कन्नड येत नाही म्हटलं की रिक्षावाला हिंदीत सुरू व्हायचा, हिंदीही धड येत नाही म्हटलं की त्याला वाटायचं ही आपली मस्करी करते आहे. "मग तुम्ही कुठल्या?" या प्रश्नाला तिचं उत्तर फार लांब होतं आणि सिग्नल तेवढा वेळ लाल राहत नसे.

रविवारी ती जुनी घरं बघायला जायची. हे वेड लहानपणचं. तिची आई एका साखर कारखानदाराच्या जुन्या बंगल्यात कामाला होती. बंगल्याचं संग्रहालय झालं होतं. शाळा सुटली की हेमलता तिथे जाऊन बसायची. ज्या घरातली माणसं कधीच गेली त्या घरात त्यांच्या कपबशा, त्यांचे पलंग, खिडकीशी ओढलेली खुर्ची जागच्या जागी असते, याचं तिला नवल वाटायचं आणि बरंही वाटायचं. परक्याच्या घरात कुणी हाकलून न देता फिरता येतं, असं ते एकच ठिकाण. बेंगळुरूत तिने मल्लेश्वरमचं एक घर पाहिलं, फ्रेझर टाउनमधलं एक पाहिलं. मग कुणीतरी बसवनगुडीतल्या अप्पासाहेबांच्या घराविषयी सांगितलं.

अप्पासाहेब हे साताऱ्याकडून मैसूर संस्थानात नोकरीला आलेले एक इंजिनिअर. घर त्यांनी स्वतः आखून बांधलेलं. पुढे व्हरांडा, छपराच्या कडेला लाकडी पट्ट्यांची झालर, मागे फणसाचं झाड. त्यांचे नातू उमाकांत आणि नातसून अलका मागच्या अंगाला राहत होते आणि पुढच्या खोल्या रविवारी लोकांना दाखवत होते. दोघंही सरकारी प्रयोगशाळेत विमानांच्या कामावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले. मुलगा आशय टोरांटोला.

हेमलता पहिल्यांदा गेली तेव्हा व्हरांड्यात टेबल मांडून उमाकांत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं, "भारतीय की परदेशी?"

साधा प्रश्न. तिकिटं दोन रंगांची होती म्हणून विचारलेला. पण हेमलताला तो अवघड गेला. पासपोर्ट सांगायचा की खापरपणजोबा, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिच्या तोंडून मराठीच निघालं. "क्षमा करा, मला निश्चित सांगता येत नाही."

उमाकांतांनी चष्मा काढला. आत वळून हाक मारली, "अलका, बाहेर ये. कुणीतरी आलंय."

अलकाताई पदराला हात पुशीत आल्या. सगळी हकीकत त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरं, सरी. आमची पण शंभर वर्षं झाली इकडं. सातारा आम्ही तरी कुठं बघितलाय? आत ये. चप्पल इथंच सोड. ऊट झालं का तुझं?"

"ऊट?"

"जेवण गं. आमचं मराठी असंच, निम्मं कन्नड. पुण्याची पाहुणी आली की हसतात आम्हाला."

"मलाही हसतात," हेमलता म्हणाली.

त्या दिवशी तिने घर पाहिलं. अप्पासाहेबांचं उतरतं नकाशाचं टेबल, त्यांच्या पत्नीचं पितळी फिरकीचं शिवणयंत्र, दगडी रगडा. पण तिचे पाय थबकले ते मधल्या खोलीत. जमीन लाल कोब्याची होती. मॉरिशसच्या त्या बंगल्यातली जमीनही लालच होती आणि तिच्या आईने ती उभं आयुष्य घासली होती. हेमलताने अनवाणी पाय टेकवला, थंडावा पोटऱ्यांपर्यंत चढला.  अलकाताईंनी ते पाहिलं आणि तिला जेवायला थांबवून घेतलं.

मग ती दर रविवारी जांभळी मेट्रो धरून, मॅजेस्टिकला बदलून बसवनगुडीला येऊ लागली. अलकाताईंची 'अक्का' झाली. अक्कांनी तिला बाजारात नेऊन 'स्वल्प कमी करा' म्हणायला शिकवलं. "ते नुसतं स्वल्प म्हण आणि हस. बाकी ते समजून घेतात," त्या म्हणाल्या, आणि खरंच तसं झालं. फ्रेंच पाहुणे आले की हेमलता त्यांना घर दाखवायची. दिवाळीनंतरच्या रविवारी एक मोठा फ्रेंच गट यायचा होता. तो तिने अंगावर घेतला होता.

त्या आठवड्यात तिला ताप भरला. अंग असं मोडून आलं की पाण्याचा तांब्या उचलवेना. अमृता सुट्टीला पुण्याला गेलेली. पीजीची मेसही दिवाळीपायी बंद. हेमलताने फोन केला तो मदत मागायला नव्हे, रविवारचं काम जमणार नाही हे कळवायला.

"अक्का, मी दिलगीर आहे. माझी प्रकृती अस्वस्थ असल्याकारणाने..."

"कुणी आहे का तिथं तुझ्याजवळ?" अक्कांनी मध्येच विचारलं.

"नाही," हेमलता म्हणाली. तेवढ्यात पलीकडून गाडीची किल्ली कुठे आहे म्हणून उमाकांतांना विचारलेलं ऐकू आलं.

डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. आधी काही दिवस इस्पितळ, मग आशयची खोली. ही खोली पुढच्या भागाला लागूनच. अक्का रस्सम करायच्या, भाताची पेज करायच्या, आणि ती नको म्हणाली की पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायच्या. उमाकांत रोज संध्याकाळी रक्ताच्या तपासणीचा कागद वाचून मान हलवायचे आणि ती मान कशी हलते त्यावरून हेमलता काय ते ओळखायची.

एका रविवारी एक जोडपं पाहुण्यांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून चुकून तिच्या दारात आलं. पलंगावर शाल पांघरून निजलेली बाई बघून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. बाईसाहेबांनी नवऱ्याला कुजबुजत विचारलं, "हा पुतळा आहे का?" हेमलताने डोळे उघडून त्यांना नमस्कार केला. ती दोघं मागच्या मागे अशी पळाली की उमाकांतांना त्यांच्या मागे चपला घेऊन फाटकापर्यंत जावं लागलं. आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

हिंडती-फिरती झाल्यावर एकदा तिने विचारलं, "अक्का, आपण माझ्यासाठी इतके का केलेत?"

अक्का मेथी निवडत होत्या. "आशयला तिकडं पहिल्या थंडीत न्यूमोनिया झाला. आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. त्याच्या घरमालकीणबाईनं बघितलं त्याचं सगळं. पोलंडची बाई. तिला मी कधी भेटणार, काय देणार? तिचं देणं असं इथं फिटलं तर फिटलं. आणि सुम्ने, उगीच विचारत बसू नको, ही जुडी घे."

हेमलताने जुडी घेतली. पण तिला काहीतरी करायचं होतं. मधल्या खोलीतल्या कोब्यावर पावसाळ्याने पांढुरके डाग धरले होते. अक्का नव्या फरशा घालायच्या म्हणत होत्या, उमाकांतांना ते सोसत नव्हतं. एका सकाळी दोघं लग्नाला गेली. हेमलताने फणसाखालचं नारळाचं सोडण घेतलं, अर्धं कापलं, कडेचे धागे दगडावर ठेचून मऊ केले. दुकानातून मेण आणलं. जमीन पुसून, वाळवून, मेण लावून ती सोडणावर एक पाय देऊन उभी राहिली आणि आई घासायची तशी घासू लागली. एक पाय जागेवर, दुसरा पुढे-मागे, कमरेला हात, नाचल्यासारखं. धाप लागली की बसायची, पुन्हा उठायची.

अक्का परत आल्या तेव्हा निम्मी खोली चकाकत होती आणि हेमलता भिंतीला टेकून घामाघूम बसली होती.

"तुला उठायला सांगितलं कुणी?" अक्का रागावल्या. खऱ्याच रागावल्या. तिला हाताला धरून पलंगावर नेलं, कपाळाला हात लावून बघितला. मग बाहेर आल्या तर उमाकांत लग्नाच्या धोतरात सोडणावर पाय देऊन उभे. दाराची चौकट धरून ते सावकाश घासत होते. "आजीच्या वेळी अशी दिसायची ही जमीन," ते म्हणाले. अक्कांनी पदर खोचला. पुढच्या आठवड्यात तिघांनी मिळून उरलेली खोली पुरी केली. फरशांचं नाव पुन्हा निघालं नाही.

हेमलताने आता इथेच राहायचं ठरलं आणि पीजीतलं सामान आणायला उमाकांत आणि अमृता गेले. आशयने टोरांटोहून कळवलं की माझी क्रिकेटची बॅट तेवढी टाकू नका, बाकी खोली तिची. ऑफिस लांब पडायचं, रोजचा मेट्रोचा प्रवास वाढला. पण संध्याकाळी फाटक उघडताना आतून कुणीतरी "आलीस का?" विचारायचं. एवढ्यासाठी आपण महादेवपुऱ्यापासून याच्या दुप्पट लांब राहिलो असतो, असं ती अमृताला म्हणाली. ते वाक्य बोलीभाषेत आलं होतं. अमृताने सांगेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नाही.

करार संपत आला तेव्हा कंपनीने मुदत वाढवायची का विचारलं. तिने हो म्हटलं आणि मग आईला फोन लावला.  आई क्रिओलमध्ये म्हणाली, ज्यांनी तुला आजारात सांभाळलं ती माणसं मला बघायची आहेत.

जानेवारीत आई आली. अंगात जाड लोकरी स्वेटर, भारतात थंडी असते असं कुणीतरी सांगितलेलं. तिला मराठी फारसं बोलता येत नव्हतं, समजायचं थोडंफार. पहिल्या दिवशी हेमलता दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत राहिली. आईने अक्कांचे दोन्ही हात धरले आणि ती काहीतरी बोलली, ते हेमलता मराठीत सांगू लागली. अक्का म्हणाल्या, "कळलं मला. सांगू नको."

दुसऱ्या दिवशी बाजारातून अवरेकाय आली होती. पावट्याच्या कोवळ्या शेंगा, हातांना तेलकट वास सुटणाऱ्या. व्हरांड्यात कागद पसरून अक्का सोलायला बसल्या. आईने न विचारता शेजारी बसकण मारली. दाण्यांवरची साल काढायला ते पाण्यात घातले, तेव्हा अक्का दाणा चिमटीत दाबून कसा बाहेर उडवायचा ते दाखवायला निघाल्या, तर आईने दोन दाणे आधीच उडवले होते. एक उमाकांतांच्या वर्तमानपत्रावर पडला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि खाल्ला.

हेमलता उंबऱ्यात उभी राहून बघत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींनाही ती मध्ये नको होती. तिने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.