शाईचा ठिपका

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीतल्या, पेशी पसरलेल्या काचेच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला मी नांदेडला दर शनिवारी तंत्रज्ञांना शिकवते. बिलोलीहून येणारे एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून सगळ्यांच्या आधी उत्तर देत. "लई सोपं हाय, म्याडम." गुण कायम पैकीच्या पैकी. मी इतरांना त्यांचं उदाहरण देत असे.

एका शनिवारी सरावाच्या स्लाइड मी स्पिरिटनं स्वच्छ पुसून ठेवल्या. त्यांनी सगळ्या नॉर्मल ठरवल्या.

"अहो, यातल्या निम्म्या तर रोगाच्या आहेत!"

"ठिपका कुठं हाय? ठिपका न्हाई म्हंजे रोग न्हाई."

बिघडलेल्या पेशी चटकन दाखवता याव्यात म्हणून सरावाच्या स्लाइडवर शाईचे ते ठिपके मीच दिले होते. "तुमच्या दवाखान्यात बायकांच्या स्लाइड येतात, त्यांवर ठिपका कोण देतं?" मी विचारलं. त्यांच्याच तोंडून कळलं: महिनाभर त्यांनी तिथं सगळ्या बायकांना नॉर्मलचेच रिपोर्ट दिले होते.

पुढच्या शनिवारी ते महिन्याभराच्या स्लाइडची पेटी घेऊन आले. सगळ्या पुन्हा वाचल्या होत्या. एकीवर त्यांनी स्वतः ठिपका दिला होता.

"ह्या बाईला परत बोलावलंय. तुमी बघा."

मी बघितलं. ठिपका नेमका जागेवर होता. 'सोपं हाय' काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही गुण दिले नाहीत.