चौकशीला गेलो आणि आडवा झालो

आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरायच्या आधी स्थळाची चौकशी करायला मला पाठवतात. हे काम माझ्याकडं कधी आलं ते आठवत नाही, पण का आलं ते सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं मी शाळेत मास्तरकी केली आणि त्यातला बराचसा काळ परीक्षेच्या वर्गातून फिरत कॉप्या पकडण्यात घालवला. शर्टाची बाही, मोज्याची घडी, पॅडची मागची बाजू. नवा माणूस भेटला की माझी नजर अजूनही आधी तिथंच जाते. बायको म्हणते, "अक्षता टाकतानासुद्धा हे नवरदेवाची बाही बघत असतात."

पुतण्या-भाच्या होत्या तोवर माझं कौतुक झालं. मग माझ्याच मुलीची पाळी आली. तिची नऊ स्थळं मी पाडली. एका ठिकाणी किराणा दुकानदार मुलाची जरा जास्तच स्तुती करत होता. एका घराबाहेर चपला फार होत्या. एका मुलाचे वडील माझ्याशी बोलताना सारखे खिडकीकडं बघत होते. त्यांना तिरळेपणा होता हे मला नंतर कळलं, पण तोवर नकार कळवून झाला होता.

दहाव्या स्थळाला मुलगी म्हणाली, "बाबा, लोक स्थळ शोधतात. तुम्ही गुन्हेगार शोधता. हा मुलगा मला फोनवर बोलून बरा वाटलाय. काही खरंच वाईट असेल तर सांगा. पण नुसता संशय घेऊन परत आलात, तर माझ्या लग्नाचा विषय ह्या घरात परत काढायचा नाही."

ती जे बोलते ते करते. ह्या बाबतीत ती आईवर गेली आहे.

मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात होता, आईवडील बजाजनगरात राहत होते, वडील कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. हे सगळं मुलाच्या बायोडाटावर होतं. तो मोबाईलवर आला होता, पण माझा कागदावर विश्वास, म्हणून छापून घेऊन शर्टाच्या खिशात ठेवला. शहराचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं. एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर आणि कंडक्टरच्या तोंडात औरंगाबाद. दोन्ही गावं एकच ना, हे मी चढण्याआधी त्याच्याकडून वदवून घेतलं.

सामानात माझं स्वतःचं कुलूप होतं. लॉजच्या कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडं असेल सांगता येत नाही. बॅगेच्या चेनला दोरा बांधून सात गाठी मारल्या होत्या. आणि पाच लिटरचा कॅन भरून घरचं पाणी घेतलं होतं, कारण परगावचं पाणी मला चालत नाही. मी आल्याचं मुलाकडच्यांना कळू द्यायचं नाही, हा चौकशीचा पहिला नियम. तो मी आजवर कधी मोडला नव्हता.

मे महिना होता. बसस्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून मी पहिले दोन दिवस बजाजनगरात काढले. गिरणीवाल्यानं चांगलं सांगितलं. भाजीवालीनं चांगलं सांगितलं. मला बरं वाटेना. मग दुसऱ्या दिवशी गरज नसताना दाढीला बसलो, आणि सलूनवाला सहज बोलून गेला, "त्यांच्या पोराचं एकदा ठरून मोडलं व्हतं ना."

"का मोडलं?"

"ते नाय बा माहीत."

वस्तरा गळ्यावर होता, म्हणून मला जास्त खोलात जाता आलं नाही. पण दुधातली माशी सापडली होती. का मोडलं, कुणी मोडलं, हे कळल्याशिवाय आता परत जाता येत नव्हतं. कळलं नाही तर मी घरी नेणार ती फक्त शंका, आणि शंकेचं काय होणार ते मुलीनं सांगून ठेवलेलं.

त्या दुपारी लॉजवर परतलो, कॅनमधलं तांब्याभर पाणी प्यालो, आणि तासाभरात पोटात जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. औषधाचं दुकान विचारायला खाली उतरलो, काउंटरवर हात टेकला, एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी खोलीतल्या पलंगावर होतो आणि कॅलेंडरच्या खिळ्याला सलाईनची बाटली लटकत होती. समोर डॉक्टर, लॉजचा मॅनेजर आणि वरच्या मजल्याचं काम बघणारा, माझ्याच वयाचा एक वेटर.

"पाणी कुठलं पीत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचं," मी ठसक्यात म्हणालो.

"कधी भरलेलं?"

मी मनात मोजलं. निघायच्या आदल्या दिवशी भरलेलं. मग एसटीच्या टपाखाली एक दिवस आणि पश्चिमेच्या खिडकीत दोन. डॉक्टरांनी कॅनचं बूच उघडून वास घेतला आणि कॅन वेटरकडं दिला. वेटरनं तो मोरीत ओतला. आमच्या गावचं पाणी असं परक्या मोरीत जाताना बघून मला वाईट वाटलं.

डॉक्टर गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "मास्तर, घरचा नंबर द्या. फोन लॉक आहे तुमचा. कुणाला तरी कळवावं लागेल."

"नको. कुणाला काही कळवायचं नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला त्याची नजर आवडली नाही, आणि त्याला माझं उत्तर. पण मी नंबर देणार कसा? बायकोला कळलं असतं तर तिनं पहिला फोन बजाजनगरला केला असता, 'आमचे हे तिथं आजारी पडलेत, जरा बघता का.' म्हणजे मुलीचा बाप चोरून चौकशीला आला होता, हे सगळ्या गावाला कळलं असतं. मी फोन उशीखाली सरकवला. तेवढ्यात लक्षात आलं, अंगावरचा शर्ट माझा नव्हता.

"माझा शर्ट कुठाय?"

"धुवाया टाकला," वेटर म्हणाला. "लई खराब झाला व्हता."

"खिशात कागद होता."

"वाळाया ठिवलाय. येतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आला, व्यवस्थित इस्त्री केल्यासारखा. एका रात्रीत त्याचं काय काय झालं असेल ह्याचा मी बराच विचार केला. बॅगेच्या गाठी मोजल्या. सातच्या सात, तशाच. म्हणजे गाठी सोडून पुन्हा हुबेहूब बांधणारा कुणी तरबेज माणूस इथं आहे, एवढं मी ओळखलं.

त्या दुपारपासून डबा सुरू झाला. तीन पुडांचा स्टीलचा डबा. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, जिरं घातलेलं ताक. लॉजच्या कँटीनमध्ये फक्त वडे आणि चहा मिळत होता, हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं.

"हा कुठनं आला?"

"घरनं."

"कुणाच्या?"

"आवो मास्तर, गरम हाय तवर खा की. विचारायलात किती!"

मी डबा उलटा करून बघितला. भांड्यावर नाव घातलेलं नव्हतं. बुडाला फक्त लाल रंगाचा एक ठिपका होता. नाव नाही आणि ठिपका आहे, ही गोष्ट मला सरळ वाटली नाही. मी वेटरला म्हणालो, "आधी तू एक घास खा."

त्यानं मुकाट्यानं बसून घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसऱ्याला मीच डबा ओढून घेतला. भूक लागली होती.

त्याच दिवशी चार वाजता एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे, शर्ट पँटीबाहेर, वरच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. त्यांना बघून वेटरनं खुर्ची पुसली. ते "कसं वाटतंय आता?" एवढं म्हणाले, खोलीभर नजर फिरवली आणि कान देऊन ऐकू लागले. मोरीतला नळ गळत होता. ते उठले, आत गेले, आणि थोड्या वेळानं नळाचा आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी खिडकीची कडी बसवली. मी ताडलं: लॉजचे मालक. प्लंबरला बोलवायला नको म्हणून स्वतः पान्हा घेऊन फिरणारे, चिक्कू.

"तुमचं हॉटेल बरं आहे," मी म्हणालो.

"माझं कुठलं," ते म्हणाले. मालक लोक असंच बोलतात.

तिसऱ्या दिवशी अंगात थोडी ताकद आली आणि माझ्या डोक्यात आलं, गावचा जुना माणूस आहे, ह्यालाच विचारावं. मी मुलाचं आडनाव सांगितलं. "बजाजनगरात राहतात. ओळखता का?"

ते थोडा वेळ डब्याच्या झाकणाकडं बघत बसले. "ओळखतो की."

"माणसं कशी आहेत?"

"बाई चांगली हाय. बाप बोलत नाय जास्त. त्यामुळं लोकांना घमेंडी वाटतो."

"पितो वगैरे?"

"नाय."

"आणि मुलगा?"

"रागीट हाय," ते म्हणाले. "पण राग दहा मिनिटं. मंग सोताच चहा करून आणतो."

मी उशीला टेकून सरळ बसलो. "त्याचं एकदा ठरून मोडलं म्हणे. का?"

आता ते खिडकीच्या कडीकडं बघायला लागले. "पोरगा तवा कंत्राटी व्हता. मध्यस्थानं पोरीवाल्यांना पर्मनंट म्हणून सांगितलं. पोराच्या बापाला राहवलं नाय. गेला आन सांगून आला, अजून कंत्राटीच हाय म्हणून. त्यांनी मोडलं."

"ठरलेलं लग्न? मूर्खच म्हणायचा!"

"व्हय," ते म्हणाले. "घरची बी तसंच म्हणतात. पोरगा दोन महिने बोलला नाय बापाशी."

"आणि आता? कागदावर तर पर्मनंट लिहिलंय."

"आता झालाय, गेल्या दिवाळीला. पण तुम्ही ऑर्डर बघूनच घ्या. नुसत्या बोलण्यावर जाऊ नका."

मग त्यांनी माझ्या मुलीचं विचारलं. अंगातला ताप म्हणा, किंवा ह्या लॉजमालकाचा आपल्याशी काय संबंध म्हणून म्हणा, मी जन्मात पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. मुलगी गुणी आहे, पण फटकळ आहे. बायोडाटात उंची एक इंच मी वाढवली. 'स्वयंपाकाची आवड' हेही मीच घातलं, तिची पोळी अजून नकाशासारखी होते. नऊ स्थळं मोडली ती तिच्यामुळं नाही, माझ्यामुळं. ते ऐकून घेत होते. इंचाचं ऐकताना मात्र किंचित हसल्यासारखे वाटले.

ते गेल्यावर मी आढ्याकडं बघत विचार केला. एवढं खरं कोण सांगतं? आजवरच्या चौकश्यांत मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. म्हणजे ह्या मालकाचं त्या घराशी वैर असणार. नाहीतर त्याचीच एखादी मुलगी लग्नाची असेल आणि हा आम्हाला परस्पर कटवत असेल. 'ऑर्डर बघा' म्हणतो! ह्याला ऑर्डरचं काय माहीत? मी ठरवलं, ह्याच्या बोलण्यावर विसंबायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी निघायला खाली उतरलो. काही झालं तरी माणसानं नळ दुरुस्त केला होता. मी मॅनेजरला म्हणालो, "मालकांना माझा नमस्कार सांगा."

"मालक? मालक तो पूना में रहते. वर्षातून दोनदा येतात."

"मग ते रोज चारला येणारे?"

मॅनेजर वेटरकडं बघायला लागला आणि वेटर जिन्याकडं.

"ते तुमचेच ना, मास्तर," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही घरचा नंबर देईनात. तुमच्या खिशातल्या कागदावर एक नंबर होता. मी लावला, तुमचं नाव-गाव सांगितलं, म्हटलं, तुमचा माणूस इथं पडलाय. ते अर्ध्या तासात आले. पहिल्या रात्री तुम्ही झोपेत होता, तेव्हा वर खुर्चीत बसून होते."

"आन मला म्हणले, सांगू नका," वेटर म्हणाला. "पाहुण्यास्नी अवघड व्हईल."

काउंटरवर तो धुतलेला डबा होता, लाल ठिपक्याचा. मी तिथल्याच बाकावर बसलो आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं, इंचासकट.

"बाबा, म्हणजे तुम्ही चार दिवस त्यांच्या घरचं जेवलात."

"हो."

"आणि त्यांना मूर्ख म्हणालात."

"हो."

"तोंडावर."

"मला काय माहीत!"

"आता डबा घेऊन जा आणि त्यांच्या घरी नीट बसा. काही विचारू नका. कुणाच्या बाहीकडं बघू नका. रविवारी मी स्वतः येते भेटायला."

कोपऱ्यावरून पेढे घेऊन डब्याचं एक पूड भरलं आणि रिक्षानं बजाजनगर गाठलं. दार त्यांनीच उघडलं. "या. नळ गळत नाय ना आता?" एवढंच विचारलं. ओट्यावर भांडी पालथी घातली होती आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका होता. माझी नजर तिथं गेलेली बघून ते म्हणाले, "टूलरूमची सवय. आपलं हत्यार दुसऱ्याकडं जाऊ नये म्हणून खूण करायची."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि टेबलावरचा कागद पुढं सरकवला. मुलाच्या पर्मनंटची ऑर्डर. मी येणार हे धरून ती आधीच काढून ठेवली होती.

आता मुलीनं काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. पण चष्मा आपोआप नाकावर चढला. तारीख वाचली, सही बघितली, शिक्का उजेडाकडं धरला. आणि मग, काय सांगू, कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"मागं काय नाय," ते म्हणाले. "मी बी बघितलं व्हतं."

नेमका त्याच वेळी मुलगा आतल्या दारात उभा होता. त्यानं माझ्या हातातला उलटा कागद बघितला, वडिलांकडं बघितलं, चेहरा लाल झाला, आणि तो आत गेला. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. त्याची आई माझ्याकडं बघून ओशाळवाणं हसली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

चहा आला. मुलगाच घेऊन आला, आलं घातलेला. माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि समोर बसला.

पण दहा नाही, अकरा मिनिटं झाली होती. आता मुलीच्या आणि त्याच्या लग्नालाही दोन वर्षं झाली. ते एक मिनिट मी अजून मुलीला सांगितलेलं नाही.