पाहुणीने मागून खाल्लेल्या कण्या

रविवारी दुपारी तीर्थपुरीच्या घरी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात पुण्याहून नातीचा फोन. तिच्या ऑफिसातले दोन जर्मन पाहुणे आपल्याकडे येणार आहेत... "आज्जी, आपल्या भागातले फेमस पदार्थ सांग ना, लिस्ट करायचीय." मी म्हणाले, पहिलं नाव कण्यांचं लिही.

"अगं, काहीतरी भारी सांग!" म्हणाली. म्हणून हे सगळं सांगतेय. मी बोलतेय आणि लेक शेजारी बसून मोबाईलवर लिहितेय... चुका झाल्या तर त्या तिच्या.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावच्या दवाखान्यात पहिल्यांदाच शिकलेली नर्सबाई आली, थेट केरळातून. मराठीचा गंध नाही, हिंदी तोडकीमोडकी, पण हाताला गुण फार.

मला तेव्हा सातवा महिना. आधीच्या खेपेला बाळ हाती लागलं नव्हतं, मीच कशीबशी वाचले होते. नर्सबाईंनी पोटावर हात फिरवून सांगितलं की बाळ पायाळू येणार असं दिसतंय... "मैं है ना, डरो मत." त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते.

आता आमच्या गावाची रीत अशी, की पाहुण्याला ज्वारी वाढायची नाही. ज्वारी घरच्यांनी खायची, पाहुण्याला गहू आणि वर तुपाची धार. एकटी बाई, परमुलखातली, म्हणून रोज एका घरानं तिला जेवायला बोलवायचं ठरलं.

सेठजींच्या घरी तुपात बुडवलेल्या बाट्या. पाटलांकडे पुरणपोळी. पुढच्या घरी शिरा, त्याच्या पुढच्या घरी परत पुरण... आग्रह तर असा, की नाही म्हणायची सोय नाही. दोन आठवड्यांत बाई निम्मी झाली. पोट बिघडलं, चेहरा उतरला.

मग बातमी आली. नर्सबाईंनी बदलीचा अर्ज लिहिलाय, शनिवारच्या गाडीनं जालन्याला देऊन येणार. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

आणि शुक्रवारी पाळी होती आमच्या घरची!

आमचं घर शेळ्या-मेंढ्यांवाल्यांचं. ताकाला तोटा नव्हता, पण गहू सणासुदीलाच दिसायचा. सासूबाईंनी राखून ठेवलेला गहू काढला. मी घाबरत म्हणाले, बाईंना तेलकट सोसत नाही, काहीतरी हलकं करू. तर म्हणाल्या, "मंग काय भाकर वाढू पाहुनीला? लोकं तोंडात शेन घालतील. तू गुमान पुऱ्या लाट." लाटल्या.

खरी गोची पुढेच झाली. पाहुण्यांच्या आधी सुनेनं जेवायचं नसतं... पण सातव्या महिन्यातली भूक, ती काय ऐकते? पुऱ्या तळून झाल्या आणि सकाळच्या कण्यांची थाळी घेऊन गुपचूप परसात कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या, मऊ शिजलेल्या, वर गार ताक आणि कडेला मिरचीचा ठेचा.

चार घास झाले असतील, समोर नर्सबाई! दोन पुऱ्या कशाबशा गिळून हात धुवायला आली होती. मी थाळी पदराखाली ढकलली. कानशिलं तापली नुसती... सासूला कळलं तर?

बाईनं माझा पदर बाजूला केला. थाळीत बघितलं, वास घेतला आणि तिथंच पांढऱ्या लुगड्यात मातीत मांडी घातली. "उष्टं हाय बाई, उष्टं हाय," मी म्हणतेय, तोवर तिनं पहिला घास घेतलासुद्धा. मग दुसरा. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ठेचा लागला वाटलं मला. पण ती म्हणाली, "हमारा घर में... चावल का, ऐसा ही. माँ देता."

एवढ्यात सासूबाई आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बया! पाहुनीला कण्या खाऊ घालून राह्यली तू? इज्जत घालवली बिलकुल!" मी रडायच्या बेतात. पण नर्सबाईनं थाळी सोडली नाही. वर बघून म्हणाली, "अम्मा, पंद्रह दिन हुआ... ये क्यों छुपाया?"

सासूबाई आत गेल्या आणि कण्यांचं अख्खं पातेलंच घेऊन आल्या. बाईनं तीन थाळ्या खाल्ल्या. आम्ही दोघी शेजारी बसून बघत होतो.

शनिवारची गाडी गेली. नर्सबाई गेली नाही... त्या दिवशी मी किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला, काय सांगू!

पुढे रोज सकाळी सासूबाई स्वतः कण्या-ताकाचं गाडगं दवाखान्यात पोचवायच्या. सेठाणी जरा रुसल्या, आमच्या बाटीत काय कमी होतं म्हणून. पण ते तेवढंच.

दोन महिन्यांनी मी अडले. सकाळपासून दुपारपर्यंत नुसती झुंज, बाळ खरंच पायाळू. दुपारी एकदाचं रडणं ऐकू आलं... नर्सबाई घामानं निथळत दारात आली आणि बाहेर देवाचा धावा करत बसलेल्या सासूबाईंना म्हणाली, "लड़की है, दोनों अच्छा है. अम्मा, कण्या है क्या?" सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, मला आतून कळेना.

तर बाळा, पाहुण्यांना थालीपीठ दे, धपाटे दे, पुरणपोळीही दे. पण कण्या लपवू नकोस.

आणि हे लिहिणारी ती पायाळू आता सत्तरीला आलीय. मघापासून डोळे पुसत टाइप करतेय, म्हणून वेळ लागतोय... नर्सबाई, त्या शुक्रवारी तुम्ही आमच्या दारातून उपाशी गेला नाहीत, म्हणून हे लिहायला माझ्याजवळ हिचा हात आहे.