उघडी गाडी, बंद गाडी

निवृत्तीच्या ट्रकला केबिन सोडली तर बाकी काहीच नव्हतं. बाजूला फाळके नाहीत, वर छप्पर नाही, मागे दार नाही. पुढे डोकं आणि मागे जेवायला मांडलेल्या पाटासारखं सपाट लोखंड. अंबडच्या कारखान्यांत अशा ट्रकला उघडी गाडी म्हणतात. तेवीस वर्षं उघडी गाडी चालवून निवृत्तीही तसाच झाला होता. त्याच्या पोटात काही म्हणून राहत नसे.

संध्याकाळी तो हातपाय धुऊन ताटावर बसला की लंकाबाई भाकरी वाढता वाढता विचारायची, "आज काय नेलं?" लग्न झाल्यापासूनचा हा नेम. मग निवृत्तीची गाडी जी सुटायची ती ताकभातापर्यंत थांबायची नाही. वायनरीची पोलादी टाकी नेली, तर ती इतकी चकचकीत की सिग्नलला मागचा मोटारसायकलवाला तिच्यात बघून भांग पाडत होता. हरसूलकडच्या एका पाड्यावर ट्रान्सफॉर्मर नेला, तर बायांनी आधी ट्रान्सफॉर्मरला ओवाळलं, मग गाडीला, आणि निरांजन विझायला आल्यावर निवृत्तीला. लंकाबाई हसून हसून पदर तोंडाला लावायची.

पण हसणं वेगळं आणि खांदा चोळून देणं वेगळं. ते काम तिच्याकडे होतं. उघड्या गाडीवर माल चढवला की तो बांधायचा ड्रायव्हरनेच. सुंभाचे जाड दोर, गाठीवर गाठ, आणि सगळा जोर उजव्या खांद्यावर. पाऊस आला की ताडपत्रीशी झोंबायचं, ऊन असलं की तापलेल्या लोखंडावर चढायचं, आणि दर तासाला थांबून दोर चाचपायचे. शिवाय माल साऱ्या जगाला दिसतो, म्हणून सल्लाही सारं जग देतं. रसवंतीवाल्यापासून वरातीतल्या घोडेवाल्यापर्यंत प्रत्येकाने निवृत्तीला दोर कसा बांधावा हे शिकवलेलं होतं.

त्यामुळे मालक ललितशेठने नवी बंद गाडी घेतली आणि ती निवृत्तीला देऊ केली, तेव्हा लंकाबाईने मनातल्या मनात नारळ फोडला. चारी बाजूंनी बंद पेटी, थंडगार केबिन. माल दुसरे भरणार, सील दुसरे लावणार, निवृत्तीने फक्त चालवायचं. "तीन दिवस चालवून बघा, शनिवारी संध्याकाळी सांगा. नाही म्हणालात तर दुसऱ्याला देतो," शेठ म्हणाला होता.

"आता तरी खांद्याची दया करा," लंकाबाई म्हणाली. निवृत्तीने मान डोलावली. हो मात्र म्हणाला नाही.

ते तीन दिवस तो न घामेजता घरी आला. "आज काय नेलं?" तिने विचारलं.

"सील होतं. काय म्हाईत."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मुकाट्याने जेवून तो उठायचा. नवी गाडी आहे, अंगवळणी पडायला वेळ लागणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी शेजारची शकुबाई आली, ती रडकुंडीलाच. आडगाव नाक्यावर वीस वर्षांची तिची चहाची टपरी. रस्ता रुंद होणार म्हणून जागा सोडायची होती. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे भावाने त्याच्या जागेतला कोपरा दिला होता, पण तीन टेम्पोवाले बघून गेले आणि तिघांनीही सांगितलं, टपरी मोडून पत्रे न्यावे लागतील.

"मोडायची कशाला?" निवृत्ती म्हणाला. "हाय तशी उचलू."

तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे चमकले, हे लंकाबाईने पाहिलं. त्याने शेठला विचारून जुनी गाडी काढली. मैत्रिणीच्या मदतीला म्हणून लंकाबाईही निघाली. तेवीस वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती.

क्रेनने टपरी अलगद उचलून गाडीवर ठेवली. निवृत्तीने चारी कोपऱ्यांना लाकडी ठोकळे मारले, पत्रा चेपू नये म्हणून दोराखाली गोधडीच्या घड्या घातल्या, टपरीला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि तिलाच म्हणाला, "बस आता निवांत." घरी साधी दुधाची पिशवी नीट न ठेवणारा हा माणूस! लंकाबाई बघतच राहिली.

आता टपरीची पुढची झडप लावायची तेवढी राहिली होती. शकुबाई मात्र आडवी आली. "आत माझा खंडोबा हाय, भाऊ. देवाला कोंडून नाय न्यायचं."

देवापुढे कोण बोलणार? आतल्या बरण्या बांधून घेतल्या आणि टपरी उघडीच निघाली. समोर देवाची तसबीर, हारात ताजा झेंडू, वर 'शकुमावशीचा चहा' ही पाटी. शकुबाई केबिनमध्ये किटली मांडीवर घेऊन बसली. नव्या जागेवर पहिला चहा देवाला दाखवायचा म्हणून तो घरूनच करून आणला होता.

ओझरच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि गाडी थांबली. थांबली तशी केबिनच्या दारावर थाप पडली.

"मावशी, दोन कटिंग."

रिक्षावाला होता. त्याच्या मागे दोन ट्रॅक्टरवाले. उघडी झडप म्हणजे चालू दुकान, यात त्यांचं तरी काय चुकलं? शकुबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा किटलीकडे. मग वळून टपरीकडे हात जोडून म्हणाली, "देवा, तुझा नंबर पुढच्या किटलीला." आणि अकरा जणांना चहा पाजला. लंकाबाई ग्लास विसळत होती आणि हसून तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला चहाचा घोट घेत म्हणाला, "ड्रायव्हरदादा, मागचा डावा दोर ढिला वाटतोय."

निवृत्ती मागे गेला. गाठ खरंच सरकली होती. त्याने दोर आवळला, गोधडीची घडी सारखी केली आणि घामाने निथळत, खांदा चोळत, दात काढत परत आला. "बरं झालं बोलला," तो लंकाबाईला म्हणाला. "बंद गाडीत कोणाला दिसलं असतं?"

तेव्हा तिला कळलं. ते तीन दिवस हा माणूस नव्या गाडीला बुजला नव्हता. त्याच्याकडे सांगायलाच काही नव्हतं. आणि तिलाही ती तीन जेवणं अळणी लागली होती, हे तिने पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं.

टपरी नव्या कोपऱ्यात उतरली. तसबीर तसूभरही हलली नव्हती. निवृत्ती दोर गुंडाळत होता, तोच केबिनमधला त्याचा फोन वाजला. लंकाबाईने उचलला.

"निवृत्तीभाऊ, काय ठरलं?" ललितशेठ विचारत होता. "बंद गाडीच ना?"

तिने बाहेर नवऱ्याकडे पाहिलं. तो उजवा हात झटकत होता आणि शकुबाईला हरसूलच्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगत होता.

"शेठ, मी लंका बोलते. बंद गाडी नको आम्हाला. आमची चालू हाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तेवढे दांडा मारून आवळायचे पट्टे घेऊन द्या. दोर ओढून त्यांचा खांदा गेलाय."

पलीकडे शेठ बराच वेळ हसला आणि सोमवारी पट्टे देतो म्हणाला.

संध्याकाळी निवृत्ती ताटावर बसला. भाकरी वाढली, पिठलं वाढलं, पण नेहमीचा प्रश्न आला नाही. त्याने वर पाहिलं. लंकाबाई स्वतःचं ताट घेऊन समोर बसली होती, आणि सांगायला कधीची उतावीळ झाली होती.

निवृत्तीने घास खाली ठेवला.

"आज काय नेलं?" त्याने विचारलं.