दोन सूत

चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या पॅकिंगच्या पेट्या फोडून लाकूड विकणारा तो माणूस पहिल्याच भेटीत माझ्या डोक्यात गेला. घरच्या टेबलाला ड्रॉवर करायचा म्हणून मी मापांची प्रिंट घेऊन गेलो होतो. टेबलातली जागा चारशे मिलिमीटर, म्हणून ड्रॉवरही चारशे. त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या चारशेवर सरळ काट मारली.

"दोन सूत कमी घ्या साहेब."

सुतारांचे दोन सूत म्हणजे पाव इंच. "मी डिझाइन इंजिनिअर आहे," मी म्हणालो. "मला मापं शिकवू नका. सांगितलंय तेवढंच कापा."

त्यानं फळी आपटली, उजव्या हातानं दाबून धरली आणि डाव्या हातानं करवत चालवायला लागला. उजव्या हाताला दोनच बोटं होती. माझी नजर तिथे गेलेली बघून तो आणखी भडकला.

"मी आधी व्हतो त्या कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसचं डिझाइन बी तुमच्यासारख्यानंच केलं असंल. कागदावर समदं बरोब्बर. फक्त माणसाच्या हाताला जागा सोडायची ऱ्हायली."

पिंपळे गुरवला घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. ड्रॉवर ठोकला, टेबलात सरकवला. तो अर्ध्यावर असा अडकला की आत जाईना, बाहेर येईना. मी त्याला लाथ घातली.

सोमवारी ऑफिसात मीच केलेलं एका प्रेसचं ड्रॉइंग उघडलं. सगळी मापं बरोब्बर होती. माणसानं हात कुठे ठेवायचा, तेवढंच त्यात कुठे दिसेना.