मूर्तीचं वय आणि बैलाचं वय

कलेच्या इतिहासात एम.ए. होऊन मी अकोल्याला परतलो, तेव्हा घरात एकच प्रश्न होता: आता हा करणार काय? तोडगा मामाने काढला. दलाली शिकायला तो मला दर्यापूरच्या बैलबाजारात घेऊन गेला.

तिथे एका बैलापुढे मला उभं करून त्याने विचारलं, "हजार वर्षांच्या मूर्तीचं वय सांगतं, तं बैलाचं काहून नाही सांगत?"

मला रागच आला, पण घमेंडही होती. मी बैलाभोवती दोनदा फिरलो, वशिंडाचा डौल पाहिला, मानेचा बाक न्याहाळला आणि ठणकावून सांगितलं, "चार वर्षं."

विकणाऱ्याने चक्क माझ्या पायांना हात लावला. मामाने बैलाचा जबडा उघडला. दात पार झिजलेले होते.

"तुह्या मूर्त्या तोंड नाही उघडत," मामा म्हणाला, "म्हणून भेटली तुले डिगरी."