पॅनलांवरची सोलां

गोव्यातल्या मये गावातलं आमचं घर लहान, पण गच्चीवर ऊन भरपूर. माझ्या पगारात सोलर बसवणं काही झेपलं नसतं. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून आला, म्हणून गच्चीवर चार पॅनलं लागली. विजेचं बिल इतकं खाली आलं की मी ते शेजाऱ्यांना दाखवत सुटलो. आई मात्र फुगून बसली. दरवर्षी ती गच्चीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून त्यांची सोलां वाळत घालायची, वर्षभराच्या सोलकढीसाठी. तिची ती उन्हाची जागा आता पॅनलांनी बळकावली होती.

मे महिन्यात वीज अचानक कमी तयार व्हायला लागली. काय झालं बघायला मी वर गेलो, तर चारांतल्या दोन पॅनलांवर लालभडक सोलां ओळीने मांडलेली आणि मिठाचं पाणी काचेवरून ओघळतंय. माझं डोकंच फिरलं.

"आई, सरकारने पैसे काय सोलां वाळवायला दिले?"

ती सोलां उलटायची थांबलीसुद्धा नाही.

"सरकारान निम्मेच दिले मरे. त्यांची दोन तशीच सोडलीत. ही दोन आपली."